आधी परिशिष्ट उघडावं

विद्यापीठाच्या ग्रंथालयात प्रबंध विभाग सांभाळणाऱ्या माणसाला एक सवय लागते. नवा प्रबंध टेबलावर आला की तो मागून उघडायचा. ऋणनिर्देश वाचायचा मोह असतोच, कारण विभागातलं राजकारण तिथे बिनचूक कळतं. निष्कर्षाचं प्रकरण बहुतेक वेळा न वाचताही सांगता येतं. परिशिष्टात काय असेल ते मात्र सांगता येत नाही.

आमच्याकडे १९७२च्या दुष्काळावरचा एक टंकलिखित प्रबंध आहे. त्यातल्या सैद्धान्तिक मांडणीकडे आज कुणी फिरकत नाही. शेवटी कुटुंबवार तक्ते आहेत: खडी फोडायला घरातली किती माणसं जात, मजुरी किती ठरली आणि हातात कधी पडली, कुठलं जनावर आधी विकलं. कार्बन प्रतीतल्या पुसट आकड्यांवर संशोधकाने शाईचं पेन फिरवलंय. हे तक्ते मागायला अर्थशास्त्राचे लोक येतात, पाणलोटावर काम करणारे येतात. मध्यंतरी एक कादंबरीकारही येऊन बसले होते. मुकादम हजेरी कशी घ्यायचा एवढंच त्यांना हवं होतं आणि ते मुलाखतींच्या टिपणांत सापडलं. प्रबंधाच्या गाईडना हा वाचक कधी सुचला नसता.

विद्यापीठात काय निर्माण होतं, असं विचारलं की आपण पदव्या, प्रबंध आणि शोधनिबंध मोजतो. मोजायला सोपं असतं म्हणून. एनआयआरएफच्या क्रमवारीत प्रकाशनं मोजताना स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे डेटाबेस धरले जातात. मराठी नियतकालिकांना तिथे जवळपास थारा नाही. त्यामुळे बोलींचा कोश करण्यात उमेद घालवलेला प्राध्यापक कागदावर रिकामटेकडा ठरतो. याचा मला राग येतो आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

या मोजणीत न बसणारं सर्वांत ठळक उदाहरण आपल्याच घरातलं आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध लिहिला, तो १९२३मध्ये पुस्तकरूपाने आला. कोलंबिया विद्यापीठासाठीचं प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं काम १९२५मध्ये छापलं गेलं. ही पदव्यांची कामं. पण भारतातल्या जातींची उत्पत्ती आणि यंत्रणा यांवरचा त्यांचा निबंध हा कोलंबियातल्या गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी वाचलेला वर्गातला पेपर होता. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आला, म्हणून टिकला. वर्गात वाचून झाल्यावर फाइलमध्ये गेलेले असे किती पेपर रद्दीत निघतात, हे आमच्या कुठल्याच विभागाला सांगता येणार नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातला संस्कृत कोश हे दुसरं टोक. १९४८मध्ये डॉ. सु. मं. कत्रे यांनी तो हाती घेतला. सुमारे दीड हजार ग्रंथांमधून शब्द वेचून चिठ्ठ्या करायलाच पंचवीस वर्षं गेली. पहिला खंड छापायला १९७६ उजाडलं. चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात आहे आणि खंडांमागून खंड निघूनही काम अजून ‘अ’ने सुरू होणाऱ्या शब्दांतच आहे. लोक हे हसून सांगतात. मला मात्र त्या चिठ्ठ्याच विद्यापीठीय कामाचा खरा नमुना वाटतात. एकेका चिठ्ठीवर शब्द, तो कुठल्या ग्रंथात आला ती जागा, अवतीभवतीचा मजकूर. संपादकाचा निर्णय उद्या चुकीचा ठरला, तरी तो ज्यावरून घेतला ते ड्रॉवरमध्ये जागच्या जागी आहे.

आमच्याकडे नेमकं हेच सांडतं. यूजीसीने २००९च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध सॉफ्ट कॉपीत जमा करायला लावले, आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर ते सगळ्यांना खुले झाले. फार मोठं काम झालं, यात वाद नाही. पूर्वी एका प्रबंधासाठी माणूस एसटीने रात्रभर प्रवास करून यायचा. पण जुने प्रबंध स्कॅन होताना काय होतं ते जवळून बघावं. भूगोलाच्या प्रबंधाला मागच्या पुठ्ठ्याला खिसा असतो, त्यात हाताने रंगवलेला घडीचा नकाशा. कंत्राट पानावर असतं. मग नकाशा घडीसकट स्कॅन होतो, नाहीतर खिशातच राहतो. लोकगीतांच्या प्रबंधाबरोबर आलेली कॅसेट ‘सोबतचे साहित्य’ म्हणून कपाटात, आणि ती वाजवायचं यंत्र निर्लेखित. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये केलेले मराठी प्रबंध तर पडद्यावर छान दिसतात, पण त्यात ‘बलुतं’ शोधा, काही सापडत नाही. त्या फाइलीत आत इंग्रजी अक्षरांचा कचरा भरलेला असतो.

नाट्यविभागाचं त्याहून अवघड. परीक्षेचा प्रयोग झाला, गुणपत्रिका निघाली, नाटक संपलं. व्हिडिओ असतो, पण तो मागच्या रांगेत लावलेल्या कॅमेऱ्याने काढलेला. प्रकाश कमी झाला की नुसता अंधार. खरं काम असतं दिग्दर्शकाच्या प्रतीत. पानोपानी पेन्सिलीने मुव्हमेंट, लाइटचे क्यू, कापलेली वाक्यं, कुठल्या तालमीत कुठला नट कुठे अडला ते. आमच्या नोंदणीच्या फॉर्मवर या वहीसाठी रकाना नव्हता. ‘अप्रकाशित संशोधन’ म्हणावं तर लेखापरीक्षणात मार्गदर्शकाचं नाव आणि पृष्ठसंख्या विचारतात. शेवटी ‘सर्जनशील काम’ असा वेगळा रकाना करून घेतला. मुलं प्रत द्यायला कुरकुरतात, कारण पुढच्या प्रयोगाला तीच लागते. त्यांचंही बरोबर आहे. म्हणून प्रत दोन दिवसांत परत करतो आणि रंगीत स्कॅन ठेवतो, झेरॉक्स नाही. झेरॉक्सवर पेन्सिल उठत नाही.