जामीन

पाटीला तारेचे दोन पाय होते. ओल्या मातीत ते रोवले की पाटी उभी राहते, वाऱ्याबरोबर थरथरते, आणि पानगळीला लागलेल्या मेपलखाली बुटक्या पाहुण्यासारखी मुक्काम ठोकते. मिनेसोटात ऑक्टोबर लागला की घराघरांच्या पायऱ्यांवर भोपळे येतात, हवेला कुजत्या पानांचा गोडसर वास येऊ लागतो, आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर हिरवळीवर या पाट्या उगवतात. २०२२ सालच्या अशाच एका दुपारी शेजारच्या बाई तशी एक पाटी काखेत धरून दाराशी आल्या. वय ऐंशीच्या घरात, आजोबा नॉर्वेहून आलेले शेतकरी, आणि थंडी कितीही पडली तरी डोक्याला काही बांधायचं नाही असा बाणा. पाटीवर पुन्हा निवडणुकीला उभे असलेले राज्याचे ॲटर्नी जनरल कीथ एलिसन यांचं नाव होतं. ‘तुमच्या अंगणात लावली तर चालेल का? तुमचं घर वळणावर आहे, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतं,’ असं त्यांनी विचारलं, आणि मी ‘सांगतो’ म्हणून पाटी ठेवून घेतली.

खरं तर सांगण्यासारखं फारसं काही नव्हतं. मत मी एलिसन यांनाच देणार होतो. पण मत देणं वेगळं आणि पाटी लावणं वेगळं. मत पडद्याआड असतं, आपलं आपल्यापाशी. पाटी म्हणजे चारचौघांत एखाद्याबद्दल शब्द टाकणं. पाटी भिंतीला टेकवून ठेवली, चहा घेतला, आणि त्या चहाच्या वाफेतून मला एकदम वाईचं आमचं घर दिसलं, कृष्णेच्या बाजूची खिडकी दिसली, आणि जमिनीवर मांडी घालून, पुढ्यात कागद घेऊन बसलेले वडील दिसले.

वडील शिक्षक होते. शिक्षकांच्या पतपेढीतून कर्ज काढायचं तर दोन जामीनदार लागत, आणि संध्याकाळी दिवेलागणीला कोणी तरी कागदाची गुंडाळी घेऊन ओसरीवर येऊन बसलेलं असे. वडील कागद सगळा वाचत. बारीक अक्षरातल्या अटीसुद्धा. मग पेनाचं निब फडक्याला पुसत आणि सही करण्याआधी एकच विचारत, ‘हप्ता चुकणार असेल तर मला आधी येऊन सांगशील ना?’ हप्ता चुकणार नाही ना, असं त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. त्या वयात या दोन प्रश्नांतला फरक कळत नव्हता. एका सहकाऱ्याचे चार हप्ते चुकले. बायकोचं आजारपण होतं. पण प्रत्येक वेळी तो आदल्या संध्याकाळी आला, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला, आणि मान खाली घालून सांगून गेला. वडिलांच्या पगारातून कापून गेलं, आईचं शिलाई मशीन पुढच्या दिवाळीवर गेलं, आणि पुढे त्या माणसाने सगळं फेडलं. खरी गोष्ट पुढेच आहे. काही वर्षांनी तोच माणूस पुन्हा जामीन मागायला आला, आणि वडिलांनी पुन्हा सही केली. आई दोन दिवस बोलली नाही. वडील तिला एवढंच म्हणाले, ‘नव्या माणसाचं आपल्याला काहीच ठाऊक नसतं. ह्याचं ठाऊक आहे.’

पदावर असलेल्या माणसाला पुन्हा निवडून द्या असं म्हणणं हे त्या दुसऱ्या सहीसारखं असावं. पहिल्या वेळी आपण आशेवर सही करतो. दुसऱ्या वेळी चुकलेले हप्ते समोर असतात.

एलिसन ज्या पदावर आहेत त्याला मराठी प्रतिशब्द शोधताना मी नेहमी अडखळतो. ॲटर्नी जनरल म्हणजे राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी. आपल्याकडे त्याच्या जवळपास येतो तो महाधिवक्ता. पण महाधिवक्त्याला राज्यपाल नेमतात, संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदाखाली. एच. एम. सीरवाई १९५७ पासून १९७४ पर्यंत मुंबई राज्याचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते. त्यांच्यासाठी कुणाच्या अंगणात पाटी लागली नाही, लागायचं कारणही नव्हतं. इथे मात्र पन्नासपैकी ४३ राज्यांत हा वकील लोक निवडून देतात. वकील कुणाचा, तर लोकांचा. म्हणून वकीलपत्रही लोकांनीच द्यायचं. कल्पना सुंदर आहे आणि थोडी भीतिदायकही, कारण न्यायालयात उभं राहणाऱ्याला दर काही वर्षांनी दारोदार हिंडावं लागतं. पक्षाचं नाव मात्र ऐकायला गोड वाटतं: डेमोक्रॅटिक-फार्मर-लेबर. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आपला शेतकरी कामगार पक्ष आठवला होता आणि उगीचच घरच्यासारखं वाटलं होतं.

या खुर्चीत पूर्वी वॉल्टर मॉन्डेल बसत. पुढे ते अमेरिकेचे उपाध्यक्ष झाले, पण १९६० साली गव्हर्नर ऑरव्हिल फ्रीमन यांनी त्यांना राज्याचा ॲटर्नी जनरल नेमलं तेव्हा ते अवघे बत्तीस वर्षांचे होते. त्याच सुमारास फ्लोरिडातल्या तुरुंगात क्लॅरन्स गिडियन नावाचा एक फाटका माणूस होता. वकील करायला पैसे नाहीत आणि न्यायालय वकील देत नाही, म्हणून त्याने तुरुंगाच्या कागदावर पेन्सिलीने सर्वोच्च न्यायालयाला अर्ज लिहिला. फ्लोरिडाच्या ॲटर्नी जनरलने बाकीच्या राज्यांना पत्रं धाडली की आमच्या बाजूने उभे राहा. मॉन्डेलनी नकार दिला. एवढ्यावर न थांबता वीसहून अधिक राज्यांचे ॲटर्नी जनरल गोळा केले आणि सरकारी वकिलांची ती फौज कैद्याच्या बाजूने न्यायालयात आपलं म्हणणं मांडून आली. १९६३ साली गिडियन जिंकला, आणि गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेल्या गरीब माणसाला वकील देणं सगळ्या राज्यांवर बंधनकारक झालं.

‘पुरोगामी’ हा शब्द आपल्याकडे व्यासपीठांवर वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की हातात धरला तर निसटतो. मला तो पुन्हा खरखरीत वाटतो तो या गोष्टीत: राज्याचा वकील राज्याच्या समोर उभ्या असलेल्या माणसाशेजारी जाऊन बसला.

मॉन्डेल वारले १९ एप्रिल २०२१ ला. त्याच दिवशी मिनिआपोलिसच्या न्यायालयात, जॉर्ज फ्लॉइडच्या खुनाचा आरोप असलेला पोलीस डेरेक शॉव्हिन याच्या खटल्यातली अखेरची भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी निकाल लागला. योगायोगाला अर्थ चिकटवायची मला सवय नाही, तरी त्या रात्री झोप येईना.

फ्लॉइड गेला तो चौक, अडतिसावा रस्ता आणि शिकागो ॲव्हेन्यूचा, आमच्यापासून गाडीने वीस मिनिटांवर. २०२० च्या जूनमध्ये आम्ही दोघं गेलो होतो. डांबरावर फुलांचे ढीग, प्लॅस्टिकच्या वेष्टनातच कोमेजलेले, उन्हाने वितळून रस्त्याला चिकटलेल्या मेणबत्त्या, आणि उत्सवानंतर देवळामागे निर्माल्याचा येतो तसा वास. बायको वाकली, एक आडवी पडलेली फुलांची जुडी उभी केली, आणि काही न बोलता गाडीकडे चालू लागली. ९ मिनिटं २९ सेकंद. एवढा वेळ त्या माणसाच्या मानेवर शॉव्हिनचा गुडघा होता, आणि सतरा वर्षांच्या एका मुलीने फोन न हलवता ते टिपलं म्हणून जगाला कळलं.

मिनेसोटात फौजदारी खटले सहसा त्या त्या काउंटीचा वकील चालवतो; ॲटर्नी जनरलचं बरंचसं काम दिवाणी. इथे गव्हर्नरांनी खटला एलिसन यांच्याकडे सोपवला. तो ज्या काउंटीतला होता तिचे वकील माइक फ्रीमन हे मॉन्डेलना नेमणाऱ्या ऑरव्हिल फ्रीमन यांचे चिरंजीव. राज्य एवढं मोठं, आणि तरी किती लहान! ड्यूटीवरच्या पोलिसाला खुनासाठी शिक्षा होणं या देशात दुर्मीळ. एलिसन हरले असते तर शहर पुन्हा पेटलं असतं आणि खापर त्यांच्या डोक्यावर फुटलं असतं. त्यांनी बाहेरचे नावाजलेले वकील बोलावले, त्यांतले कित्येक विनामोबदला आले, आणि स्वतः बहुतेक वेळ मागे बसून राहिले. तिन्ही आरोप सिद्ध झाले. पुढे साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली.

निकालानंतर एलिसन माइकपुढे आले तेव्हा विजयाचं भाषण होईल अशी माझी समजूत. ते म्हणाले की याला न्याय म्हणवत नाही, कारण न्यायात मोडलेलं पूर्ववत होणं अभिप्रेत असतं; हे उत्तरदायित्व आहे, न्यायाकडे टाकलेलं पहिलं पाऊल. इंग्रजीतला तो शब्द ऐकताना मला आपला ‘जबाबदारी’ आठवला. त्यात जबाब आहे, पण रोजच्या वापराने तो ऐकू येईनासा झालाय. जिंकलेल्या क्षणीही जो सांगतो की हप्ता पुरा झालेला नाही, तो चुकलेल्या हप्त्याचंही येऊन सांगेल, असं मला वाटलं. पुरावा म्हणून हे फार नाही. वडिलांपाशी तरी दुसरं काय असायचं?

आमच्या फ्रिजच्या दारात कैरीच्या लोणच्याशेजारी माझी इन्सुलिनची पेनं असतात. या देशात त्यांची किंमत ऐकून पहिल्यांदा मी हिशेब चुकला असं समजून पुन्हा विचारलं होतं. ॲलेक स्मिथ हा इथलाच सव्वीस वर्षांचा मुलगा. आईच्या विम्यातून वयामुळे बाहेर पडला आणि महिन्याभरात, २०१७ मध्ये, इन्सुलिन पुरवून पुरवून वापरताना गेला. इन्सुलिन परवडावं म्हणून त्याच्या नावाने २०२० साली राज्याने कायदा केला, आणि तो लागू व्हायच्या आदल्या रात्री औषध कंपन्यांची संघटना त्याविरुद्ध फेडरल न्यायालयात गेली. कायद्याच्या बाजूने उभं राहायला गेलं ते एलिसन यांचंच कार्यालय. फ्लॉइडचा खटला जगाने पाहिला. असली कामं कुणी पाहत नाही. पण राज्याचा वकील म्हणजे बहुतांशी हेच, कुणाच्या तरी फ्रिजच्या दारातली गोष्ट.

चुकलेले हप्तेही होते, नाही कसे? २०२१ मध्ये मिनिआपोलिसचं पोलीस खातं बदलून नवं खातं आणण्याच्या प्रस्तावाला त्यांनी पाठिंबा दिला. मतदारांनी तो फेटाळला. निवडणुकीच्या तोंडावर मुलांच्या जेवणाच्या सरकारी पैशात सुमारे २५ कोटी डॉलरचा घोटाळा केल्याचे आरोप काही लोकांवर ठेवले गेले, आणि राज्याच्या वकिलाला हे आधी का दिसलं नाही असा प्रश्न विरोधक विचारू लागले. प्रश्न खोटा नव्हता. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी एलिसन यांच्याविरुद्ध उभे असलेले जिम शुल्ट्झ यांची पाटी लावली होती. त्यांच्या गाडीखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वर्षभरात दोनदा चोरीला गेला होता, मुलगी रात्रीच्या पाळीहून येईपर्यंत ते जागे असत, आणि हिवाळ्यात आमच्या दारातलं बर्फ न सांगता काढत ते हेच. त्यांची भीती मला परकी नव्हती. मला एवढंच वाटायचं की त्या भीतीचं औषध या दुकानात मिळत नाही.

रात्री जेवताना मी पाटीचं काढलं. बायकोने आमटी वाढता वाढता ऐकलं आणि म्हणाली, ‘लावायची तर लावा. पण उद्या कोणी विचारायला आलं तर दाराशी तुम्हीच जायचं. मी सांगणार नाही ते घरात नाहीत म्हणून.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाटी लावली. माती थंड होती, तारेचे पाय एका फटक्यात गेले नाहीत. समोरचे गृहस्थ कचऱ्याचा डबा बाहेर आणत होते. त्यांनी पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून आले. ‘घोटाळ्याचं काय?’ त्यांनी विचारलं. मला ठाऊक होतं तेवढं मी सांगितलं, आणि जिथे उत्तर नव्हतं तिथे नाही म्हणालो. ते थोडा वेळ उभे राहिले. मग यंदा बर्फ लवकर पडणार असं म्हणून परत गेले.

८ नोव्हेंबरला मतदान झालं. सुमारे पंचवीस लाख मतांत एलिसन एकवीसेक हजारांनी निवडून आले, एक टक्क्याहूनही कमी. जवळजवळ अर्ध्या राज्याने सही नाकारली होती, आणि ते विसरून चालण्यासारखं नव्हतं. शेजारच्या बाईंनी जिंजर कुकीजचा डबा दिला. समोरच्यांनी आपली पाटी काढून घेतली.

मी माझी काढायला गेलो तेव्हा पहिलं बर्फ पडून गेलं होतं आणि माती गोठू लागली होती. तारेचे पाय वाकले, पण आले. पाटीवरचं पाणी बाहीने पुसलं आणि गॅरेजमध्ये, बर्फाच्या फावड्यामागे, भिंतीला लावून ठेवली. ‘आता कशाला ठेवताय ती?’ बायकोने विचारलं. वाईच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत वडील जामिनाच्या कागदाची नक्कल ठेवत, घडी करून, धोतरांच्या तळाशी. कर्ज फिटेपर्यंत ती फाडायची नाही असा त्यांचा नियम होता. ते तिला सांगावंसं वाटलं, पण तिला ते माहीत होतं. गॅरेजचं दार खाली ओढलं आणि आम्ही आत आलो.