थंडी उतरताना खोन केनमध्ये

थायलंड म्हटले की आपल्याकडील प्रवासी मंडळींना बँकॉक, पट्टाया आणि फुकेट एवढेच आठवते. मी आज आपल्याला खोन केनला नेणार आहे. बँकॉकच्या ईशान्येस सुमारे साडेचारशे किलोमीटरवर, ईसान नावाच्या पठारी प्रदेशातील हे शहर. येथे समुद्र नाही, पर्यटकांची झुंबड नाही. माझी भाची तेथील विद्यापीठात शेतीविषयक संशोधन करते. ‘मावशी, येशील तर नोव्हेंबरातच ये,’ हा तिचा आग्रह होता आणि तो रास्तच निघाला.

ऑक्टोबर सरता सरता येथील पाऊस ओसरतो आणि चीनच्या बाजूने कोरडे वारे वाहू लागतात. पहाटे वीस अंशांच्या आसपास, दुपारी तीस. आपल्या पुण्या-नाशिककरांना ही थंडी वाटणारच नाही. स्थानिक लोक मात्र कानटोपी चढवून दुचाकीवर निघतात. बरोबर वृद्ध किंवा दम्याचे रुग्ण असतील तर पहाटेसाठी एखादी शाल हाताशी असू द्या. थंडी आली म्हणून डास गेले असे समजू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे उत्तम. शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा एक शब्द पाठ करावा. त्याचा अर्थ मांस-मासळीविरहित. नुसते ‘भाजी द्या’ म्हटले तर भाजी येते, पण माशाच्या पाण्यात परतलेली.

आम्ही पोहोचलो त्या दिवशी पौर्णिमा होती. आपल्याकडे त्रिपुरी पौर्णिमेला दीपमाळा उजळतात; तेथे याच सुमारास लॉय क्राथोंग असतो. केळीच्या खांबाची चकती, तिला पानांची कड, वर फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती, असे इवले तराफे बुंग केन नखोन या शहरातल्या तलावात सोडले जात होते. दक्षिणेकडे वाट नोंग वेंगचा नऊमजली स्तूप. पाण्यावर दिवे पाहताना मला घरचीच आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी पुन्हा तेथेच गेलो. सहाच्या ठोक्याला राष्ट्रगीत लागले आणि चालणारे, धावणारे सारे जागच्या जागी उभे राहिले. ते संपताच ध्वनिक्षेपक दणाणू लागला आणि साठीच्या बायका तालावर हातपाय हलवू लागल्या. रुग्णांना रोज चालण्याचा सल्ला देणारी मी स्वतः दवाखान्याच्या खुर्चीत दिवस काढते. गेल्या वर्षी माझी साखर सीमारेषेवर आली, हे आपल्यापासून कशाला लपवू? त्या सायंकाळी तलावाला पुरी फेरी घातली, सुमारे चार किलोमीटर, आणि पोटऱ्यांनी मला त्याचा हिशेब रात्रभर दिला.

परंतु खोन केनची जी गोष्ट सांगण्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ती वेगळीच आहे.

भाचीच्या प्रयोगशेतावर काम करणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हांला गावी जेवायला बोलावले होते. भातकापणी चालू होती. ओसरीवर चटई अंथरली होती. बांबूच्या टोपलीत चिकट भात. तो हातानेच गोळा करून खायचा. (या भातात अमायलोज जवळजवळ नसते, त्यामुळे तो चटकन पचतो आणि साखर झपाट्याने वाढवतो. मी दोनच घास घेतले.) भाजलेली कोंबडी, कच्च्या पपईची झणझणीत कोशिंबीर, आणि मध्ये एक वाडगा. त्यात बारीक चिरलेले गोड्या पाण्यातले कच्चे मासे, वर लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड. हा ‘कोय प्ला’. यजमानांनी वाडगा आधी माझ्यापुढे सरकवला.

माझा हात पुढे गेला नाही. या माशांत ओपिस्थॉर्किस व्हिव्हेरिनी नावाच्या चपट्या कृमीच्या अळ्या असू शकतात. विष्ठेतून त्याची अंडी पाण्यात, तेथून गोगलगाईत, मग माशांत आणि माशांतून माणसाच्या पित्तनलिकेत. तेथे तो वर्षानुवर्षे राहतो. १९९४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगाचे कारण म्हणून नोंदवले. पित्तनलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे ते याच ईसान भागात. लिंबाच्या आंबटपणाने मासा पांढरा दिसतो, शिजल्यासारखा वाटतो, पण अळ्या मरत नाहीत. प्राझिक्वांटेल या औषधाने कृमी मरतात. मात्र पुन्हा कच्चा मासा खाल्ला की पुन्हा लागण.

हे सारे मी भाचीमार्फत आदराने सांगू लागले, तेव्हा यजमान हसून म्हणाले, ‘ठाऊक आहे. माझा थोरला भाऊ त्यानेच गेला.’ आणि त्यांनी घास घेतला.

मी गप्प झाले. तोंडाच्या कर्करोगाने बाप गेलेला मुलगा माझ्याच दवाखान्याबाहेर तंबाखू मळताना मी पाहिलेला आहे. माहितीचा अभाव तेथेही नव्हता. लहानपणापासूनची चव, कापणीनंतरची मित्रांची पंगत, पाहुण्याला द्यायचा मान, यांच्यापुढे आमची पत्रके फार पातळ पडतात.

आमच्या पंगतीत शेजारच्या एक बाई होत्या. त्या गावच्या आरोग्य स्वयंसेविका, आपल्या आशाताईंसारख्या. थायलंडमध्ये अशा स्वयंसेवकांची संख्या दहा लाखांहून अधिक आहे, आणि ते आपल्या आसपासची मोजकी घरे सांभाळतात. या बाईंनी उपदेश केला नाही. त्या उठल्या, वाडगा उचलला, चुलीकडे गेल्या आणि तापलेल्या कढईत सगळा ओतून परतू लागल्या. यजमान ओरडले, त्यांनी ऐकले नाही. परतताना त्यांनी पाठ न वळवता काहीतरी विचारले. भाचीने मला सांगितले, ‘मावशी, त्या विचारताहेत, मंगळवारी सोनोग्राफीला येणार ना?’

यजमानांनी उत्तर दिले नाही. वाफाळता वाडगा परत आला तेव्हा मी आधी वाढून घेतले. आले, पुदिना, लिंबू आणि भाजक्या तांदळाचा खमंग वास. मला तर तो फार रुचकर लागला. यजमानांनीही खाल्ला, पण चव पार गेली म्हणून जेवण संपेपर्यंत कुरकुरत होते. निघताना आम्हांला मोटारीपर्यंत सोडायला आले आणि भाचीला हळूच विचारते झाले, मंगळवारी किती वाजता.