तोंड दिसणार नाही ना?

व्हिडिओ सर्व्हेलन्सला मराठीत काय म्हणायचं? हा लेख लिहायला बसले आणि पहिल्याच शब्दाला गाडी अडली. कॉन्व्हेंटमधलं माझं मराठी पेपरापुरतं, म्हणून शब्दकोश काढला. 'पाळत' म्हटलं की कुणीतरी संशयाने मागावर आहे असं वाटतं. 'देखरेख' म्हटलं की बांधकामावरचा मुकादम डोळ्यांपुढे येतो. आणि 'लक्ष ठेवणं'? ते तर आपण शेजारच्या काकूंना सांगतो, "जरा घराकडे लक्ष ठेवा हं, दोन दिवस गावाला जातोय." कॅमेरा एकच, पण तो पाळत ठेवतोय की लक्ष ठेवतोय, हे कुठे ठरतं? शब्दकोशात काही उत्तर मिळालं नाही. मिळालं ते माझ्या ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर!

मंडळी, 'फ्रिगेट' हे नाव ऐकलंय? युद्धनौका नव्हे, सॉफ्टवेअर. ब्लेक ब्लॅकशिअर यांनी सुरू केलेला हा ओपन सोर्स प्रकल्प. लायसन्स एमआयटी, म्हणजे कोड वाचा, बदला, वापरा. कॅमेऱ्याचं चित्र कुठल्या परक्या सर्व्हरवर न पाठवता आपल्याच मशीनवर तपासायचं, ही त्यामागची मूळ कल्पना. मला त्यात थोडी लुडबुड करायची होती. त्यासाठी आधी 'लोकल डेव्हलपमेंट एन्व्हायर्नमेंट' उभं करायला हवं, म्हणजे स्वतःच्या मशीनवर त्याचं छोटंसं वर्कशॉप थाटायचं. सिनियर म्हणाले, "अर्ध्या तासाचं काम!" सिनियरचा अर्धा तास आणि लग्नपत्रिकेवरचा मुहूर्त, दोन्ही सारखेच.

पहिली पायरी, गिटवरून कोड क्लोन करणे. दुसरी, डॉकर टाकणे. तिसरी, व्हीएस कोडमध्ये तो फोल्डर डेव्ह कंटेनर म्हणून उघडणे. कंटेनर म्हणजे चक्क डबा. पायथन, एफएफएमपेग, ओपनसीव्ही, सगळे आपापल्या व्हर्जनसकट एकाच डब्यात बंद. आपल्या उबुंटूवर काय सांडलंय, काय सुटलंय, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. तो डबा पहिल्यांदा भरायला होस्टेलच्या नेटवर अख्खी रात्र गेली. सकाळी एका टर्मिनलमध्ये पायथनने फ्रिगेट सुरू केलं, दुसऱ्यात वेब फोल्डरमध्ये जाऊन एनपीएम चालवलं, आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं. पान अगदी रिकामं. बरोबरच आहे, दाखवायला कॅमेरा कुठे होता?

इथे एक गंमत कळली. डेव्हलपमेंटसाठी कॅमेरा लागतच नाही! एखादी एमपीफोर फाइल 'डीबग' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायची आणि कॉन्फिगमध्ये एफएफएमपेगला सांगायचं, की ही फाइल तिच्या मूळ वेगाने वाच आणि संपली की पुन्हा पहिल्यापासून लाव. किती वेळा? 'उणे एक' वेळा, म्हणजे कायम. फ्रिगेट बिचारं त्यालाच कॅमेरा समजतं.

मी कॉलेजच्या गेटसमोरच्या रस्त्याची क्लिप लावली. काम कसं चालतं ते बघा. १२८०×७२० ची एक फ्रेम आतमध्ये ठेवायची तर एका पिक्सेलला दीड बाइट धरून १३,८२,४०० बाइट लागतात. अशी प्रत्येक फ्रेम न्यूरल नेटवर्कला देत बसलो तर लॅपटॉपवर पापड भाजता येतील. म्हणून फ्रिगेट सेकंदाला साधारण ५ फ्रेम तपासतं. आधी फक्त हालचाल कुठे झाली ते बघतं, आणि तेवढाच तुकडा कापून ३२०×३२० च्या आकारात मॉडेलला देतं. मॉडेल 'कोको' नावाच्या चित्रसंग्रहावर शिकलेलं. त्यात वस्तूंचे ८० प्रकार आहेत. गाय आहे, हत्ती आहे, हेअर ड्रायरसुद्धा आहे, पण रिक्षा नाही! ट्रकला तर फ्रिगेट मुळातच 'कार' म्हणतं, कारण मॉडेलचा त्या दोघांत गोंधळ होतो. आमच्या रस्त्यावरची रिक्षा कधी कार व्हायची, कधी कुणीच नसायची. यंत्राला दिसतं ते कुणीतरी आधी यादीत लिहिलेलं असतं, हा पहिला धडा.

दुसरा धडा माणसांचा. आमच्या मजल्यावरून गेले काही महिने चपला गायब होतायत, आणि कॉरिडॉरमध्ये कॅमेरा लावा अशी मागणी सुरू आहे. मला वाटलं, कॉरिडॉरचीच क्लिप घेऊ, टेस्टही होईल. सकाळी सातला तिथे हमखास दिसणारं माणूस म्हणजे सफाईच्या मावशी. म्हटलं, "मावशी, तुमचा दोन मिनिटं व्हिडिओ काढू का? कॉम्प्युटरला माणूस ओळखता येतो का बघायचंय."

मावशींनी बादली खाली ठेवली. "काढा की ताई. पण माझं तोंड दिसणार नाही ना? अन् किती दिवस ठेवणार ते? कोण कोण बघणार?"

तीन प्रश्न. व्हायवाला एक्स्टर्नलने विचारावेत तसे. मी म्हटलं, "उद्या सांगते," आणि तोवर रूममेटला सांगून स्वतःचीच चालतानाची क्लिप काढून घेतली.

प्रश्न एक, तोंड. फ्रिगेटमध्ये 'मास्क' नावाची सोय आहे. मास्क म्हटल्यावर काय वाटेल? झाकत असेल. तर नाही! मोशन मास्क एवढंच सांगतो की या भागातल्या हालचालीने जागं होऊ नकोस. रेकॉर्डिंग मात्र कॅमेऱ्याकडून आलेल्या प्रवाहाची जशीच्या तशी नक्कल असते. ओळखण्याची वाट वेगळी, साठवण्याची वाट वेगळी, आणि मास्क फक्त पहिल्या वाटेवर. म्हणजे मास्क लावूनही माझा चेहरा फाइलमध्ये लख्ख दिसत होता.

प्रश्न दोन, किती दिवस. रेकॉर्डिंग मुळात बंद असतं. चालू करायचं आणि किती दिवस ठेवायचं, हे कॉन्फिगमध्ये माणसाने लिहायचं. मी टेस्टसाठी चालू केलं आणि मग आवराआवरीची कमांड दिली, 'डॉकर कंपोज डाउन, डॅश व्ही'. यातला 'व्ही' म्हणजे व्हॉल्यूम. वाटतं की सगळं पुसलं गेलं. डीबग फोल्डर उघडून बघितला, तर माझ्या क्लिप्स जागच्या जागी! कारण तो फोल्डर डॉकरचा नाहीच, तो आपल्या डिस्कवरचा, डब्याला बाहेरून जोडलेला. डबा फेकला तरी आतलं सामान घरातच राहतं. ते हातानेच पुसावं लागतं.

प्रश्न तीन, कोण बघणार. फ्रिगेटचे दोन दरवाजे आहेत. ८९७१ नंबरच्या पोर्टवर लॉगिन लागतं, ५००० वर लागत नाही, कारण तो आतल्या वापरासाठी आहे. तोच नेटवर्कवर उघडा टाकला, तर त्या वायफायवरचं कुणीही पत्ता टाकून बघत बसू शकतं. मी तो फक्त १२७.०.०.१ ला, म्हणजे माझ्याच मशीनपुरता बांधला आणि रूममेटच्या फोनवरून उघडतो का ते तपासलं. नाही उघडला.

दुसऱ्या दिवशी मावशींना खरं ते सांगितलं. "तोंड दिसणार. मी हाताने पुसेपर्यंत राहणार. मी आणि माझी रूममेट बघणार. आजच संध्याकाळी तुमच्यासमोर पुसते." मावशी हसल्या. "मग पाठमोरी जाते की!" आणि बादली-झाडू घेऊन खरंच पाठमोऱ्या चालत गेल्या. फ्रिगेटने त्यांच्याभोवती चौकोन काढला, 'पर्सन, ७८ टक्के'. झाडू आणि बादली ऐंशीच्या यादीत नाहीत, त्यामुळे त्या त्याला दिसल्याच नाहीत. संध्याकाळी क्लिप पुसली. लॅपटॉपवरची आणि फोनमधलीही. मावशींनी फोन हातात घेऊन खात्री करून घेतली, मग गेल्या.

मला वाटतं, पाळत आणि लक्ष यातला फरक लेन्समध्ये नसतो. तो कॉन्फिगच्या चार ओळींत असतो. रेकॉर्डिंग चालू की बंद, किती दिवस, कुठल्या फोल्डरमध्ये, कुठला पोर्ट. तयार सिस्टिम बसवणारा माणूस येतो, शिडी लावतो, ॲप टाकून देतो आणि जातो. या चार ओळी आपल्याला कधी दिसतच नाहीत. स्वतः सेटअप केला तर त्या स्वतःच्या हाताने लिहाव्या लागतात, आणि लिहिताना कुणाचं तरी तोंड डोळ्यांसमोर येतं. माझ्या मते या सगळ्या उपद्व्यापाचा खरा फायदा हाच. कोड काय, अजून एक बटण जागचं हललेलं नाही!

ज्युनियर्सना एवढंच सांगेन, की सेटअपला अर्धा तास धरू नका, आणि पहिली टेस्ट क्लिप स्वतःचीच घ्या. पुढच्या आठवड्यात होस्टेलच्या मीटिंगमध्ये कॉरिडॉरच्या कॅमेऱ्याचा विषय आहे. चपला माझ्याही गेल्यात, त्यामुळे कॅमेरा नकोच असं मी म्हणणार नाही. पण हात वर करण्याआधी तीन प्रश्न विचारणार आहे. मावशींनाही चला म्हटलंय, कारण त्या कॉरिडॉरमध्ये आमच्यापेक्षा जास्त वेळ त्याच असतात.