मृगापासून मोजलेलं वर्ष

मृगाचा पहिला दमदार पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीवरच्या उघड्या मातीत लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात. मृगाचे किडे. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आठ वर्षांचा एक मुलगा त्यांच्यापाशी उकिडवा बसला आणि उठेचना. माझ्या हातात त्या वर्षाचं वेळापत्रक होतं, 52 आठवड्यांचे 52 विषय. त्या दिवशी होती 'झाडांची साल'. कीटकांची पाळी ऑक्टोबरात. मी त्याला म्हटलं, "चल बाळा, किडे आपण नंतर बघणार आहोत." ऑक्टोबरात टेकडीवर एकही मृगाचा किडा नव्हता. पाऊस सुरू झाला की ते थोडेच दिवस वर येतात आणि मग मातीत दिसेनासे होतात. शिवाय तो कीटक नव्हेच. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्या-गोचिडांच्या गोतातला. त्या मुलाने स्वतः पाय मोजून ते मला सांगितलं असतं. मी मोजू दिलं नाही, याची रुखरुख अजून आहे.

मी आयुष्यभर महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता दर गुरुवारी सकाळी, मुलांना घरीच शिकवणाऱ्या पुण्यातल्या काही कुटुंबांबरोबर टेकडीवर फिरते. मे महिना आला की आई-बाबांचे फोन सुरू होतात, "ताई, वर्षभराचं नियोजन द्या ना." त्या प्रसंगानंतर मी ते नियोजन मुळापासून बदललं.

आता आमचं वर्ष 7-8 जूनला, सूर्य मृगात गेला की सुरू होतं. शेतकऱ्याची नक्षत्रं तीच आमची नक्षत्रं. सूर्य एका नक्षत्रात साधारण 13-14 दिवस असतो, म्हणजे बहुतेक नक्षत्रांना दोन गुरुवार मिळतात. नक्षत्राचं वाहन कोल्हा की बेडूक यावरून मी पावसाचं भाकीत करत नाही. मला हवी असते ती पंधरवड्याची चौकट, आणि ती कुठल्याही भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आयती मिळते. एका नक्षत्राला एकच विषय आणि दोन फेऱ्या. पहिल्या गुरुवारी बघायचं, प्रश्न लिहायचा. दुसऱ्या गुरुवारी त्याच जागी परत जाऊन काय बदललं ते पाहायचं. माझ्या मते सगळं शिक्षण या दुसऱ्या फेरीत असतं, आणि पालकांना नेमकी तीच वाया गेल्यासारखी वाटते.

अनेक घरांत परदेशी तयार आराखडे असतात. त्यांचं मूळ बहुधा दोन बायकांपाशी जातं. एक इंग्लंडच्या शार्लट मेसन. मुलांनी रोज बाहेर जावं, पाहिलेलं स्वतःच्या वहीत उतरवावं, हा आग्रह त्यांचा. दुसऱ्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या अ‍ॅना बॉट्सफर्ड कॉमस्टॉक. निसर्ग कसा शिकवावा यावरचं त्यांचं जाडजूड पुस्तक 1911 सालचं. मला ते फार प्रिय आहे, कारण त्यात उत्तरांइतकाच मान प्रश्नांना आहे. पण त्यातले ऋतू तिकडचे. न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाचीने ते जसंच्या तसं वापरावं, तिच्या अंगणात मेपलच आहे. पुण्यातल्या मुलाने ऑक्टोबरात रंगीत पानगळ शोधत फिरायचं कशासाठी? आपल्याकडे झाडं उघडी पडतात ती पुढे, उन्हाळ्याच्या तोंडावर, आणि त्याच उघड्या फांद्यांवर पळस, पांगारा, काटेसावर फुलतात. मराठी वाचणाऱ्या घरात दुर्गा भागवतांचं 'ऋतुचक्र' असावं. आपल्या महिन्यांचे रंग आणि वास त्यात आहेत.

प्रत्येक कुटुंब मृगात एक झाड निवडतं आणि वर्षभर दर आठवड्याला त्याची नोंद ठेवतं. कोवळी पानं, जून पानं, कळ्या, फुलं, फळं. आहेत की नाहीत, थोडी की पुष्कळ, एवढंच. 'सीझनवॉच' या उपक्रमात देशभरातली मुलं अशाच नोंदी करतात, त्यात आपलीही भर घालता येते. झाड घराजवळचं हवं. लांबचं देखणं झाड निवडलेली घरं श्रावणातच थकतात. काटेसावर मिळाली तर फारच उत्तम. हिवाळ्यात पानं झडतात, मग लाल फुलांवर मैना, शिंजीर, भोरड्या आणि खारी यांची झुंबड उडते, उन्हाळ्यात बोंडं फुटून कापूस उडतो.

पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस, या दिवसांत टेकडी निसरडी असते. तेव्हा आम्ही घरचा कढीपत्ता बघतो. पानावर फुलपाखराचं मोहरीपेक्षा लहान, पिवळसर अंडं सापडतं. त्यातून येणारी अळी थेट पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. आया ती झटकून टाकतात, म्हणून आधी सांगून ठेवावं लागतं. दुसऱ्या फेरीपर्यंत बहुधा तीच अळी कात टाकून हिरवीगार झालेली असते. तिला काडीने अलगद स्पर्श केला की डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. मागच्या वर्षी पाच वर्षांच्या मुलीने वहीत फक्त ते दुबेळकं काढलं होतं, पानभर मोठं. मी त्याखाली काहीही लिहायला लावलं नाही.

वहीत तारीख, नक्षत्र, हवा, एक चित्र आणि एक प्रश्न. लहान भावंडाने मोजावं, मोठ्याने मापावं. दगडाखाली हात घालायचा नाही, टेकडीवर घोणस असते. उन्हाळ्यात साडेसहाला निघून आठपर्यंत घरी.

हस्तात भोंडल्याचा हत्ती पाटावर येतो तेव्हा टेकडीवरचं गवत निसवलेलं असतं, आणि स्वातीपर्यंत, म्हणजे हा अंक तुमच्या हातात येईल त्या सुमारास, कुसळं वाळतात. घरी येऊन मोज्यांतून उपटून फेकतो तीच ती कुसळं. या गुरुवारी एक फेकू नका. त्याचं शेपूट दोरासारखं पिळलेलं असतं. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा एक थेंब टाका. क्षणभर काही होत नाही. मग पीळ सुटू लागतो आणि कुसळ हातावर आपोआप गोल फिरतं. दिवसा कोरडं, रात्री दवाने ओलं, असं पिळत-सुटत ते आपलं टोकदार बी मातीत रुतवत नेतं. मुलं हे पाहून दुसरं कुसळ मागतात, मग तिसरं. पुढच्या गुरुवारी त्याच जागी जाऊन किती कुसळं उभी रुतली आहेत ते मोजायचं आहे.