उपाशी शेवाळाचं तेल

शेवाळावर पीएचडी करतो म्हटलं की माणसं आधी हसतात आणि मग पेट्रोलचा विषय काढतात. निघतं ना म्हणे त्यातून? निघतं की. पण गोची अशी, की पेशीला नायट्रेट भरपूर मिळालं तर ती प्रथिनं बांधते, विभागत राहते, फ्लास्क हिरवागार होतो. तेल मात्र जेमतेम. नायट्रेट तोडलं की विभागणं थांबतं. प्रकाशात कार्बन बांधणं तरीही काही काळ चालू राहतं, आणि तो चरबीच्या थेंबांत साठतो. तेल हवं तर वाढ सोडा, वाढ हवी तर तेल.

अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 ते 1996 या काळात याच कोड्याशी झुंज घेतली. तीन हजारांवर वाण गोळा केले आणि शेवटी प्रकल्प गुंडाळला. एक्झॉनमोबिलने 2009 साली 60 कोटी डॉलरपर्यंत खर्च करायचं जाहीर केलं. 2023 मध्ये तीही बाहेर पडली. त्यांना जे जमलं नाही ते माझ्या फेलोशिपवर जमेल, या भ्रमात मी नाही.

शिवाय शेवाळ खाणारे असतात. गच्चीवरच्या टाकीतला थेंब मायक्रोस्कोपखाली धरावा आणि त्यात एखादा रोटिफर तोंडाभोवतीचे केस गरगर फिरवत दिसावा: आठवडाभराचं काम त्याच्या पोटात! स्पिरुलिनाचं त्या मानाने बरं. (काटेकोर बोलायचं तर ती सायनोबॅक्टेरिया, व्हायव्हात हे हमखास विचारतात.) लोणार सरोवरासारख्या, सामू 10 च्या आसपास असलेल्या खाऱ्या पाण्यात ती खुशाल वाढते, आणि तिथे तिच्यावर चरायला फारसं कोणी फिरकत नाही. तिच्या गोळ्या औषधाच्या दुकानात पोचल्या आणि शेवाळाचं डिझेल पंपावर पोचलं नाही, याचं हेही एक कारण.

मग मी यात का? पेशी नेमकी कधी ठरवते, की आता वाढायचं नाही, साठवायचं? हा प्रश्न मला पेट्रोलपेक्षा मोठा वाटतो. नाइल रेडने रंगवून पाहिलं तर तेलाचे थेंब सोनेरी चमकतात, हरितद्रव्य लाल दिसतं. एकाच फ्लास्कमधली, एकाच पेशीची ही प्रजा. तरी एक सोनेरी थेंबांनी गच्च आणि तिला खेटून असलेली अजून नुसतीच लाल. सरासरी काढली की हा फरक बुडतो. गाइड म्हणतात, आधी सरासरी तर नीट काढ. काढतो आहे. त्या उशिरा साठवणाऱ्या पेशींसाठी मात्र वेगळी वही घातली आहे.