भोंगा आणि मायक्रोमीटर

लालबागच्या आमच्या घरात घड्याळापेक्षा मिलच्या भोंग्यावर जास्त भरवसा होता. आजोबा ताप्ती मिलमध्ये होते, त्यांच्या मागून बाबाही तिथेच लागले. सकाळचा भोंगा झाला की आई डबा भरायची. मिलच्या पगारावर नुसतं आमचं घर नव्हे, तर किराणावाला, शिंपी, सायकलवाला असे सगळेच जगायचे. २०२० च्या लॉकडाउनपासून मिल बंद आहे.

यंदा भाच्याचा आयटीआयचा टर्नर ट्रेड पूर्ण झाला. म्हणाला, "मामा, मी चाकणला जातो." ताई गप्पच झाली. पोरगा इथंच एखाद्या पॉवरलूमवर लागेल, अशी तिची आशा होती.

चाकणला जीई एरोस्पेसचा कारखाना २०१५ साली सुरू झाला. तिथे विमानाच्या इंजिनांचे सुटे भाग बनतात. २०२४ मध्ये त्याच्या विस्तारासाठी २४० कोटी रुपये जाहीर झाले. आजवर ५,००० हून जास्त जणांना तिथे प्रशिक्षण दिल्याचं कंपनी सांगते.

भाच्याला मात्र त्या कारखान्यात नाही, चाकणच्याच एका लहान वर्कशॉपमध्ये काम मिळालंय, तेही सहा महिन्यांच्या करारावर. मी ताईपासून काही लपवलं नाही. जाहीर झालेले कोटी म्हणजे तेवढ्या नोकऱ्या नव्हेत. बराच पैसा यंत्रांतच जातो. पण मोठा कारखाना वाढला की आसपासच्या वर्कशॉपना, मेसवाल्यांना, टेम्पोवाल्यांनाही काम मिळतं. आमच्या मिलभोवती हेच तर पाहिलं होतं.

ताईने विचारलं, "आणि तेही बंद पडलं तर?"

भाच्याने पिशवीतून मायक्रोमीटर काढला आणि तिचा एक केस मोजला. ०.०७ मिलिमीटर! "आई, इंजिनाच्या कित्येक भागांत एवढाही फरक चालत नाही. हे एकदा हातात बसलं, की कारखाना बदलला तरी काम माझ्याजवळच राहील."

बाबा आजोबांच्या ओळखीने मिलमध्ये लागले होते. याला आपल्या हातावरच जागा मिळवायची आहे.

स्टेशन आमच्या लालबागमध्येच. निघायच्या दिवशी ताई पहाटे उठली आणि कोणी न सांगता डबा भरून दिला.

पुण्यात स्थिरावलेल्या आपल्या तरुण मंडळींना एकच सांगणं: असा एखादा मुलगा तुमच्या ओळखीत असेल, तर रविवारी त्याला घरी जेवायला बोलवा.