ताम्हिणी कुणी पाहिली?

भोसरीच्या एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी अख्खं पुणे ताम्हिणीत भिजायला जातं, तेव्हा मी कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंगं मोजत बसलेला असतो. आणि माझी सुट्टी येते तेव्हा बायको स्वामींच्या मठात. त्यामुळे सुट्टीला सोबत अशी कधी नव्हतीच. जूनपासून मात्र चकली आहे.

चकली ही लेकीची कुत्री. गावठी, तांबूस, आणि शेपटी अशी वळलेली की दुसरं नाव सुचूच नये. लेक शिकायला नागपूरला गेली, कुत्री आमच्याकडे राहिली. त्याआधी मी कुत्र्याच्या अंगाला हात लावला नव्हता. त्याच सुमारास, वयाच्या ४९व्या वर्षी, पहिली चारचाकी घेतली, तीही सेकंडहँड. गाडीचं पक्कं लायसन मिळालं. कुत्रीच्या बाबतीत अजून लर्निंगवरच आहे.

"बाबा, तिला नुसतं गल्लीत काय फिरवतोस? घाटात ने. किती छान वाटेल तिला," लेकीने फोनवर फर्मान काढलं. श्रावण होता, डोंगर हिरवेगार असणार, गुरुवारी गर्दी नसणार. मलाही पटलं. कुत्रीला सृष्टिसौंदर्य दाखवायला निघालो आहोत, असंच माझ्या डोक्यात होतं.

लहानपणी आई एसटीत बसवण्याआधी पोटभर खायला घालायची. रिकाम्या पोटी प्रवास करायचा नाही, हा आमच्या घरातला कायदा. म्हणून निघण्यापूर्वी चकलीला दूध-चपातीचा वाडगा भरून दिला. तिने चाटूनपुसून संपवला. मागच्या सीटवर जुनी चादर अंथरली, छातीपट्टा सीटबेल्टच्या खाचेत अडकवला (याची वेगळी पट्टी मिळते, लेकीने मागवून ठेवली होती) आणि गोखलेनगरातून निघालो. चांदणी चौकात नवे पूल झाल्यापासून कुठली लेन कुठे उतरते ते मला कळत नाही. आधी मुंबईच्या दिशेला लागलो, वळसा घालून परत आलो. तोवर चकली ठीक होती.

भूगाव मागे पडलं तशी ती जांभया देऊ लागली. मला वाटलं, झोप येतेय. पिरंगुटच्या घाटात ती ओठ चाटायला लागली, तोंडातून लाळेची तार लोंबू लागली. मला वाटलं, भूक लागली. म्हणून सिग्नलला मान वळवून एक ग्लुकोजचं बिस्कीट दिलं. पौडच्या अलीकडे दूध, चपाती आणि बिस्कीट चादरीवर परत आलं.

रस्त्याच्या कडेला गाडी घेऊन मी आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. जांभया, ओठ चाटणं, लाळ, कण्हणं, ही सगळी गाडी लागल्याची लक्षणं, असं त्यांनी सांगितलं. लहान वयाच्या कुत्र्यांना गाडी जास्त लागते, कारण तोल सांभाळणारी कानातली यंत्रणा तयार व्हायची असते. निघण्याआधी तीन-चार तास पोट रिकामं ठेवायचं, पाणी थोडं थोडं, खिडकी इंचभर उघडी. "आणि काका," ते म्हणाले, "जांभई म्हणजे दर वेळी झोप नसते. घाबरलं तरी कुत्रं जांभई देतं." आईचा कायदा कुत्र्यांना लागू नाही तर! एका टपरीवाल्याने बादलीभर पाणी दिलं, चादर धुऊन डिकीत टाकली आणि पुढे निघालो. परत फिरायला हवं होतं का? कदाचित. पण पोट मोकळं झाल्यावर चकलीच शेपटी हलवत होती.

मुळशीच्या जलाशयाच्या वर चहाला थांबलो. पाणी काठोकाठ होतं. टपरीवरचे आजोबा तळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "खाली गावं आहेत आमची." टाटांच्या या धरणाविरुद्ध १९२१ साली इथल्या मावळ्यांनी सत्याग्रह केला, पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी त्याच लढ्याने दिली. मी गाडी शिकलो ती सेनापती बापट रस्त्यावर. क्लच सोडताना दहादा बंद पडायची, मागचे लोक हॉर्न मारायचे. नाव कुणाचं, कशासाठी, हे डोक्यातसुद्धा आलं नाही. आम्ही आपले 'एसबी रोड' म्हणतो. आजोबांनी आणखी एक सांगितलं. मुळेचं पाणी एरवी पुण्याकडे जायचं, पण या धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून उलटं, पश्चिमेला, खाली भिऱ्याच्या वीजघराकडे जातं. चकली तोवर टपरीमागच्या दगडाचा वास घेत होती. एकच दगड, मिनिटभर. मग त्याची दुसरी बाजू. तळ्याकडे तिने मान वर करूनही पाहिलं नाही. मी तिचं तोंड धरून पाण्याकडे वळवलं. तिने माझ्या मनगटाचा वास घेतला आणि परत दगडाकडे गेली.

खरा घाट पुढे लागला. दोन्ही बाजूंनी धबधबे असणार. पाण्याचा आवाज येत होता. 'असणार' म्हणतोय, कारण मी पाहिले नाहीत. दुचाकीवर असताना घाटात मान फिरवून सगळं दिसायचं. स्टिअरिंगमागे बसल्यावर मला दिसला तो पांढरा पट्टा, खड्डे, वळणावरचा आरसा आणि समोरून येणाऱ्या बसचा नंबर. एका अरुंद वळणावर वर चढणारा टेम्पो आणि उतरणारा मी आमनेसामने आलो. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे मास्तरांनी घोकून घेतलं होतं. पण मागे घ्यायची कशी, याचा सराव पार्किंगच्या मैदानात झाला होता, दरीच्या कडेला नाही. टेम्पोवाल्याने शांतपणे बिडी पेटवली आणि माझं संपेपर्यंत वाट पाहिली.

उतारावर चकली एकदम अस्वस्थ झाली. खिडकीच्या फटीतून नाक आत ओढलं, दोन शिंका दिल्या आणि माझ्या सीटच्या पाठीवर पंजे मारू लागली. परत पोट बिघडलं असं समजून मी गाडी थांबवली. उतरलो तेव्हा मलाही वास आला. जळका, रबरासारखा. कुठे शेतात काही जाळतायत का म्हणून इकडे तिकडे बघितलं. श्रावणातल्या पावसात शेतात कोण काय जाळणार?

मागून आलेला पिकअपवाला थांबला. त्याने चाकाजवळ हात नेला आणि झटकन मागे घेतला. "काका, ब्रेकवर पाय ठेवून उतरताय का?"

"मग कसं उतरायचं?"

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. सेकंड टाका. इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेक फक्त वळणाआधी, तोही सोडून सोडून. लायनर तापले की ब्रेक लागायचाच बंद होतो." आणि मग गाडीत बघून, "कुत्रीला कळलं वाटतं आधी!"

हे मास्तरांनीही सांगितलं असणार. पण सेनापती बापट रस्त्यावर तसा घाट कुठे आहे?

चाकं निवेपर्यंत अर्धा तास कडेला बसलो. पाणी ओतायचं नाही, आपोआप निवू द्यायची, हेही त्यानेच बजावलं होतं. पट्टा हाताला गुंडाळून चकलीला गवतात सोडलं. तेरडा फुलला होता, एवढं मात्र मी त्या अर्ध्या तासात नीट पाहिलं. चकलीने त्या गवताचा चप्पा चप्पा वाचून काढला. वाचून, हाच शब्द. एका काडीपाशी थांबायची, मागे यायची, पुन्हा तीच काडी, जणू शेवटची ओळ नीट कळली नाही. वर झाडावर माकडं दिसली तेव्हा मात्र वाचन थांबवून ती माझ्या पायांमागे आली. मी घाबरलेलो, ती घाबरलेली. माकडांना आमच्यात काही रस नव्हता, त्यांचं लक्ष गाडीतल्या बिस्किटांवर होतं.

तेवढ्यात धुकं चढलं. दरी, रस्ता, माकडं, सगळं पांढरं झालं. लेकीला पाठवायला फोटो काढायचा राहिला होता, म्हणून कठड्यापाशी चकलीला बसवून एक काढला आणि तिथूनच गाडी वळवली. हेडलाइट डिपरवर, सेकंड गिअर, आणि मागून चकलीचं घोरणं. जांभया एकदाही नाहीत.

घरी पोहोचेपर्यंत नागपूरहून उत्तर आलं होतं. "बाबा, हे काय? भिंतीसमोर बसवलीस?"

"दरी आहे ती," मी लिहिलं.

पावसाळ्यात गवतातून आणल्यावर गोचीड बघायच्या, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. बाल्कनीत दिवा लावून मी चकलीचे कान, काखा, बोटांमधल्या फटी, शेपटीचा वेढा, सगळं तासभर तपासलं. एक गोचीड नाही. तिने लाडाने मान टाकून दिली होती. बायको मठातून प्रसाद घेऊन आली, मागे उभी राहून बघत होती.

"अहो, हलू नका," ती म्हणाली. "तुमच्या कानामागे आहे."